कात्रीचे वापर मोजले जातात, हाताचे कोण मोजणार?

मा. अध्यक्ष आणि सदस्य,
महाराष्ट्र वैद्यक परिषद, मुंबई



रोबोटच्या मदतीने होणाऱ्या शस्त्रक्रियेत जी चिमुकली कात्री पोटात जाते, तिच्यात एक चिप असते. ही कात्री किती ऑपरेशनांत वापरली, याची मोजणी ती चिप करते. ठरलेले वापर संपले की धार शाबूत असली तरी यंत्र ती कात्री घेत नाही. बरीच वर्षे ‘दा विंची’ यंत्राच्या बहुतेक अवजारांना दहा वापरांची मर्यादा होती. २०२० नंतर काहींची ती बारा ते अठरापर्यंत वाढली. हिशेब चोख आहे. मात्र त्याच यंत्रावर बसलेल्या डॉक्टरने आजवर किती गर्भाशये काढली, त्यातल्या किती बायकांना परत शस्त्रक्रियागृहात (ओटीत) न्यावे लागले, कुणाच्या मूत्रवाहिनीला इजा झाली, याची नोंद त्या चिपमध्ये नाही, रुग्णाच्या फाइलमध्ये नाही आणि आपल्या दफ्तरातही नाही. हे पत्र त्या नोंदीसाठी आहे.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत आले, आता निवृत्त आहे. रोबोटशी माझे वैर नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या पिढीतल्या कुणी या विषयावर तोंड उघडले की तरुण मंडळी आपापसांत हसतात. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग झालेली, वजन खूप असलेली बाई टेबलावर असते, तेव्हा पोट उघडण्याऐवजी चार-पाच छिद्रांतून काम होणे तिच्या फार फायद्याचे असते. अशा बाईत दुर्बिणीच्या सरळ काठ्यांनी काम करताना खांदे भरून येतात. रोबोटवर तेच काम बसून होते. आतड्याला चिकटलेले एंडोमेट्रिओसिस, किंवा गर्भाशय राखून मोठ्या गाठी काढल्यावर आतून घालायचे थरावर थर टाके, इथेही यंत्राचा उपयोग आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने स्त्रीरोग शस्त्रक्रियांसाठी ‘दा विंची’ला २००५ साली मान्यता दिली, त्याला आता वीस वर्षे होऊन गेली. यंत्र टिकले आहे आणि टिकणार आहे. आता तर गुरुग्रामला बनणारे ‘एसएसआय मंत्र’ही आले आहे. स्वस्त यंत्रे येतील तसे रोबोट मुंबई-पुण्याबाहेर, जिल्ह्याच्या गावी पोचतील. तेव्हा त्यावर बसणारा हात कोणी तपासला, हा प्रश्न आपल्याच दारात येणार आहे.

कन्सोलवर बसलेला डॉक्टर रुग्णापासून काही फुटांवर असतो. डोळ्यांसमोर पोटाच्या आतले त्रिमितीय, मोठे केलेले चित्र, बोटांत कड्या, पायाखाली कॅमेऱ्याचे, क्लचचे आणि विद्युतप्रवाहाचे पेडल. बोट वळवले की आत अवजाराचे मनगट वळते, हाताचा कंप गाळला जातो. यंत्र आपण होऊन काही कापत नाही. साध्या दुर्बिणीने टाका घालायला शिकताना महिनोन्‌महिने जी कसरत होते, ती इथे फारशी होत नाही. त्यामुळे पहिल्या दिवशीच आपल्याला जमले असे वाटते. गोम तिथेच आहे.

कारण स्पर्श गेलेला असतो. उघड्या पोटात बोटांना कळते की हे मऊ आहे, हे ताणले गेले आहे, ही दोरीसारखी सरकली ती मूत्रवाहिनी. कन्सोलवर यातले काही हाताला येत नाही. ताण जाणवून देणारे नवे ‘दा विंची ५’ अमेरिकेत २०२४ साली मंजूर झाले. पण आज हात शिकताहेत ते बहुतेक त्याआधीच्या पिढीच्या यंत्रांवर. तिथे ओढ डोळ्यांनी ओळखावी लागते. पकडलेला पडदा पांढरा पडू लागला, धागा काठीसारखा ताठ झाला, गाठ बसायच्या आधीच ऊती चिरत चालल्या, ही सगळी डोळ्यांची शिकवण. नवशिक्याच्या हातात धागा तुटतो तो याच कारणाने. धागा तुटला तर दुसरा मिळतो. त्याच जोराने आतडे ओढले गेले तर पुढचे चार दिवस कुणाला पत्ताही लागत नाही. शिवाय जे अवजार कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर राहिले, ते आत कुठे टेकले आहे याचे भान डोक्यात ठेवायचे असते.

यातले फार थोडे एकट्या सर्जनच्या हातात असते. बाईला डोके खाली, पाय वर अशा तीव्र उतारावर तासन्‌तास ठेवतात. भूलतज्ज्ञाला त्या स्थितीत तिचा श्वास आणि डोळ्यांवरचा दाब सांभाळायचा असतो. यंत्राचे हात एकदा जोडले की टेबल सहसा सहज हलवता येत नाही. टेबलाशेजारचा सहायक अवजारे बदलतो, रक्त ओढून घेतो, सुई आत देतो आणि बाहेर आल्यावर मोजतो. पायाकडे बसलेला हाऊसमन गर्भाशय हवे त्या दिशेला ढकलून धरतो. एकदम रक्तस्राव सुरू झाला तर हात सोडवून, यंत्र मागे सारून पोट उघडायचे. हे किती वेळात होते, हे त्या सगळ्यांनी आधी कोरडी तालीम केली आहे की नाही यावर ठरते. आज एक सिस्टर, उद्या दुसरी, तंत्रज्ञ कंपनीने पाठवलेला, असे चालते तिथे सर्जन कितीही हुशार असला तरी संघ दरवेळी पहिलीच इयत्ता शिकत असतो. रोबोटचे प्रमाणपत्र मात्र एकाच माणसाच्या नावावर असते.

आता शिकण्याचा काळ किती, हा प्रश्न. अमुक केसेस झाल्या की हात बसला, असे एक आकडा सांगून मोकळे होण्याची आपल्याकडे सवय आहे. खरे तर इथे निरनिराळ्या गोष्टी निरनिराळ्या वेगाने शिकल्या जातात. यंत्र जोडणे लवकर येते, पहिल्या काही केसेसमध्येच. कन्सोलवरचा वेळ कमी व्हायला जास्त काळ लागतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुचर्चित अभ्यासात तो स्थिरावायला सुमारे पन्नास शस्त्रक्रिया लागल्या. पण वेळ कमी झाला म्हणजे रुग्ण सुखरूप झाला असे नाही. मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २०१३ साली आपल्या रोबोटिक गर्भाशय-शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला, तेव्हा त्यांनी वेळ बाजूला ठेवून गुंतागुंत मोजली आणि प्रावीण्याची रेषा सुमारे ९१ शस्त्रक्रियांवर आली. पन्नास कुठे आणि नव्वद कुठे! आणि ते मेयो क्लिनिक. तिथे केसेसचा तुटवडा नसतो.

त्यांनी वापरलेली पद्धत आपल्या उपयोगाची आहे, म्हणून दोन ओळी. १९५४ साली एका इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने कारखान्यातल्या मालाच्या तपासणीसाठी एक आलेख काढला. प्रत्येक नग नीट निघाला की रेषा थोडी खाली, बिघडला की बरीच वर. रेषा ठरलेल्या मर्यादेच्या वर गेली की यंत्र थांबवून बघायचे. शस्त्रक्रियांना हीच रीत लावता येते. वहीचा एक कागद आणि पेन्सिल पुरते. सोपी केस असेल तर अपेक्षित धोका कमी धरायचा, अवघड असेल तर जास्त, एवढे तारतम्य ठेवले की झाले. ते ठेवावेच लागते, कारण हात जसा बसतो तसा सर्जन अवघड केसेस घेऊ लागतो आणि त्याचा वेळ पुन्हा वाढतो. नुसता वेळ बघणारा म्हणेल, हा डॉक्टर बिघडला. प्रत्यक्षात तो सुधारलेला असतो.

इथे एक पेच आहे आणि त्याच्याबद्दल आमच्या परिषदांमध्ये मी कधी मोकळी चर्चा ऐकली नाही. नवशिक्याने सोप्या केसपासून सुरुवात करावी, हा नियम बरोबरच आहे. गर्भाशय लहान, आधीचे सिझेरियन नाही, चिकटे नाहीत, वजन बेताचे. पण अशाच बाईला रोबोटची गरज सर्वांत कमी. तिचे गर्भाशय योनिमार्गाने, पोटावर एकही छेद न देता निघते. म्हणजे जी बाई डॉक्टरला शिकवते तिला यंत्राचा फायदा जवळजवळ काही नाही, आणि बिल मात्र तिलाच येते. हॉस्पिटलच्या भिंतीवरच्या जाहिरातीत अद्ययावत तंत्रज्ञान असे लिहिलेले असते. तिचे नवरोबा कर्ज काढून ते विकत घेतात.

मुंबईला हे नव्याने सांगायला नको होते. शिरीष शेठ यांनी योनिमार्गाने गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया याच शहरात आयुष्यभर केली, शिकवली, तिच्यावर ग्रंथ लिहिला. पुढे ते स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक महासंघाचे अध्यक्ष झाले. त्यांच्याही आधी गोव्यात जन्मलेल्या विठ्ठल नागेश शिरोडकरांनी गर्भाशयमुखाला टाका घालण्याची जी रीत मुंबईत बसवली, ती त्यांच्या नावाने जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. दोघांना लागली ती अवजारे कुठल्याही तालुक्याच्या ओटीत मिळतील अशीच होती. २०१५ साली कॉक्रेनच्या आढाव्यात साध्या आजारांसाठी गर्भाशय काढण्याच्या निरनिराळ्या मार्गांवरचे ४७ अभ्यास, पाच हजारांवर बायकांचे, एकत्र तपासले गेले. योनिमार्ग शक्य असेल तर तोच पहिला, असा त्याचा निष्कर्ष होता, आणि साध्या दुर्बिणीपेक्षा रोबोट सरस ठरला नाही. पण आजच्या रजिस्ट्रारला विचारा, योनिमार्गाने किती केल्यास? जी कला शिकवणारे हात आपल्याकडे होते, ती एका पिढीत हातची जाते आहे आणि तिच्या जागी जे येते आहे त्याचे शिक्षण कुणाच्या ताब्यात आहे याचा पत्ता नाही.

तरुणांचा दोष मी धरत नाही. त्यांची कोंडी खरी आहे. उघड्या शस्त्रक्रियेत वरिष्ठाला दुसऱ्या दोन हातांची गरज असते, म्हणून हाऊसमन आपोआप आत ओढला जातो. आधी पकडतो, मग गाठ मारतो, मग एक बाजू करतो. रोबोटवर एकटा सर्जन सगळे करू शकतो. शिकाऊ डॉक्टर पडद्याकडे बघत बसतो. मॅथ्यू बीन या अमेरिकन संशोधकाने तिथल्या शिकवणाऱ्या हॉस्पिटलांत बसून हेच टिपले आणि २०१९ साली प्रसिद्ध केले. बहुतेक शिकाऊ डॉक्टरांना कन्सोल नावापुरते मिळत होते. ज्या थोड्यांना खरोखर जमले, त्यांनी ते आडवाटेने मिळवले: विद्यार्थिदशेपासूनच रोबोटच्या मागे लागून, सिम्युलेटरवर आणि शस्त्रक्रियांच्या चित्रफितींवर रात्री घालवून, आणि जिथे फारसे कुणी लक्ष ठेवत नव्हते अशा ठिकाणी स्वतः झगडून. शेवटच्या वाटेचा अर्थ काय, तो आपण समजू शकता. लक्ष नसलेल्या ठिकाणी टेबलावर कोण होते?

उपाय ठाऊक आहेत. दोन कन्सोल जोडून शिक्षक आणि विद्यार्थी यांनी हात बदलत काम करण्याची सोय २००९ पासून आहे. सिम्युलेटर आहेत. मूलभूत कौशल्ये धरून बांधलेला अभ्यासक्रम आहे; युरोपातल्या रोबोटिक स्त्रीरोग शल्यकांच्या संघटनेने सिम्युलेटर, टेबलाशेजारची सहायकी, मग शस्त्रक्रियेचे सुटे टप्पे आणि शेवटी पूर्ण शस्त्रक्रिया अशी पायऱ्यांची रचना करून ठेवली आहे. हात कसा चालतो हे तपासायला सहा कसोट्यांची गुणपत्रिकाही आहे: खोलीचा अंदाज, दोन्ही हातांचा मेळ, काटकसर, जोर, स्वावलंबन, यंत्रावरचा ताबा. आपल्याला नव्याने काही शोधायचे नाही.

मग आपल्याकडे काय होते? बहुधा असे होते: हॉस्पिटल काही कोटींचे यंत्र घेते. कंपनी डॉक्टरला ऑनलाइन धडे देते, सिम्युलेटरवर बसवते, एक-दोन दिवसांचे प्रशिक्षण देते, परीक्षा घेते, प्रमाणपत्र देते. मग पहिल्या काही केसेसना बाहेरचा अनुभवी सर्जन देखरेखीला येतो. तो गेला की डॉक्टर मोकळा. मोटारीच्या शोरूमनेच ड्रायव्हिंग लायसन्स द्यावे आणि आरटीओने त्याची प्रतही मागू नये, तसे हे आहे. कंपनीचे प्रमाणपत्र खोटे नसते. यंत्र चालू-बंद कसे करायचे, हात कसे जोडायचे, अडकले तर काय करायचे, हे या डॉक्टरला येते, असे ते म्हणते. गर्भाशयाच्या धमनीजवळून जाणारी मूत्रवाहिनी ओळखून बाजूला ठेवता येते, असे ते म्हणत नाही आणि म्हणू शकत नाही. भिंतीवर चौकटीत लावले की बघणाऱ्याला हा फरक दिसत नाही, एवढेच.

हा फरक न्यायालयात गेलेला आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात २००८ साली एका रुग्णाची रोबोटिक शस्त्रक्रिया झाली. प्रोस्टेटची होती, स्त्रीरोगाची नव्हे, पण प्रश्न तोच. देखरेखीखालच्या केसेस संपवून त्या सर्जनने एकट्याने केलेली ती पहिलीच होती, आणि रुग्ण सुरुवातीला घेऊ नये असा स्थूल. शस्त्रक्रिया बिघडली. खटला अनेक वर्षे चालला. २०१७ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की यंत्राच्या धोक्यांची सूचना कंपनीने केवळ डॉक्टरला देऊन भागत नाही, यंत्र विकत घेणाऱ्या हॉस्पिटललाही द्यायला हवी. कारण कोणत्या डॉक्टरला त्यावर बसू द्यायचे, हे हॉस्पिटल ठरवते. ही जबाबदारी महाराष्ट्रातल्या किती हॉस्पिटलांनी कागदावर लिहून ठेवली आहे, हे आपण एका परिपत्रकाने विचारू शकता.

आपल्यासारख्याच एका परिषदेने हे पूर्वी केले आहे. अमेरिकेत २०१३ हे साल या विषयात गाजले. त्या वर्षी ‘जामा’ नियतकालिकात अडीच लाखांहून अधिक बायकांच्या शस्त्रक्रियांचा अभ्यास आला. २००७ मध्ये साध्या आजारांसाठी गर्भाशय काढताना रोबोटचा वापर ०.५ टक्के होता, तो तीन वर्षांत ९.५ टक्क्यांवर गेला. साध्या दुर्बिणीशी तुलना केली तर गुंतागुंतीचे प्रमाण जवळपास सारखे, खर्च मात्र दर केसमागे सुमारे २,२०० डॉलर जास्त. तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष जेम्स ब्रीडन यांनी त्याच वर्षी जाहीर निवेदन काढले की रोबोट हा कमी छेदाच्या शस्त्रक्रियेचा एकमेव मार्ग नाही आणि सर्वोत्तमही नाही. आणि मॅसॅच्युसेट्स राज्याच्या वैद्यकीय नोंदणी मंडळाने मार्च २०१३ मध्ये हॉस्पिटलांना सल्लापत्रक पाठवले: प्रशिक्षण, देखरेख, रुग्णांची निवड, कुणाला परवानगी द्यायची, याबद्दल. नोंदणी करणारे मंडळ. म्हणजे मॅसॅच्युसेट्सची वैद्यक परिषदच म्हणा ना.

हात कितीही तयार झाला तरी तो कुठे वापरायचा नाही हे कळणे हाही प्रावीण्याचाच भाग आहे. याचा धडा महागात मिळाला. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कर्करोगात पोट उघडून शस्त्रक्रिया करावी की दुर्बिणीने वा रोबोटने, याची तुलना करणारी आंतरराष्ट्रीय चाचणी २०१८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आली. ६३१ बायका होत्या. चाचणीत भाग घ्यायचा तर केंद्राला आधी अशा दहा शस्त्रक्रियांचे निकाल आणि दोन न कापलेल्या चित्रफिती पाठवून हात सिद्ध करावा लागला होता. तरीही साडेचार वर्षांनी आजार न उलटलेल्या बायका पोट उघडलेल्या गटात ९६.५ टक्के होत्या आणि कमी छेदाच्या गटात ८६. मृत्यूही त्या गटात जास्त. हा निकाल येईपर्यंत जगभरच्या परिषदांमधून या शस्त्रक्रियेच्या सुंदर फिती टाळ्या घेत होत्या. आम्हीही टाळ्या वाजवत होतो. फीत खरोखरच सुंदर असायची. गर्भाशयमुखाचा कर्करोग भारतात काही दुर्मीळ नाही. ही शस्त्रक्रिया आजही रोबोटवर करणाऱ्याने बाईला हा निकाल तिच्या भाषेत सांगितला का, एवढे तरी विचारले जावे.

आणि आपल्या राज्यात आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढल्याचे प्रकरण २०१९ साली पुढे आले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ऐंशी हजारांवर बायकांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. ‘अंगावरून जास्त जातंय, काढून टाका एकदाची’ हे वाक्य आमच्या ओपीडीत रोज ऐकू येते. ते आधी बाईच्या तोंडात कुणी घातले, ते आपणही जाणता. अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने केलेली मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी लागू करावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला. अशा मुलुखात हप्ते फेडायचे असलेले यंत्र येते आणि ‘हात बसायला पन्नास केसेस हव्यात’ असे विज्ञानही सांगते, तेव्हा त्या पन्नास कुठून येतील याची काळजी वाटली तर मला म्हातारी म्हणू नये.

आता मागणे.

नोंदणी टिकवायची तर आम्हा डॉक्टरांना पाच वर्षांत तीस गुण जमवावे लागतात. ते हॉटेलातल्या व्याख्यानाला सही करून मिळतात. रोबोट वापरणाऱ्यांसाठी त्यातले काही गुण राखून ठेवा आणि ते नुसत्या हजेरीवर देऊ नका. डॉक्टरने आपल्या शस्त्रक्रियेची न कापलेली चित्रफीत द्यावी, नाव झाकून ती दोन-तीन समव्यवसायींनी बघावी. हे स्वप्नरंजन नाही. मिशिगनमध्ये वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या वीस सर्जनांनी प्रत्येकी एक फीत अशीच दिली. सहकाऱ्यांनी ज्यांच्या हाताला सर्वांत कमी गुण दिले, त्या पाव भागाच्या रुग्णांत गुंतागुंत १४.५ टक्के निघाली, आणि सर्वांत जास्त गुणवाल्यांच्या रुग्णांत ५.२. डॉक्टरांना एकमेकांचे हात ओळखता येतात. ते आम्ही चहाच्या टेबलावर बोलतो, कागदावर लिहीत नाही.

दुसरे, नोंद. रोबोट असलेल्या प्रत्येक हॉस्पिटलने दर सर्जनमागे केसेस, पोट उघडावे लागलेल्या केसेस, मूत्रवाहिनी-मूत्राशय-आतड्याच्या इजा, तीस दिवसांत परत भरती झालेल्या बायका यांची वही ठेवावी आणि वर्षातून एकदा आपल्याकडे पाठवावी. प्रसिद्ध करू नका वाटले तर. पण आपल्याकडे असू द्या. आजघडीला कन्सोलवर कुणाला किती वेळ लागतो, ही माहिती यंत्र स्वतः टिपते आणि कंपनीच्या सर्व्हरवर ती असते. विकणाऱ्याला आपल्या डॉक्टरांच्या हाताविषयी जे ठाऊक आहे, ते त्यांची नोंदणी करणाऱ्याला ठाऊक नसावे, ही लाजेची गोष्ट आहे.

तिसरे मागणे माझ्या सहकाऱ्यांना रुचणार नाही. देखरेखीखालच्या केसेस संपेपर्यंत यंत्राचा जादा खर्च बाईच्या बिलात लावू नये. तो हॉस्पिटलने किंवा कंपनीने सोसावा, कारण त्या काळात शिकणारे ते आहेत. आणि संमतीपत्रकावर, मराठीत, भूल देण्याच्या आदल्या दिवशी वाचता येईल अशा अक्षरांत दोन ओळी असाव्यात: ही शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरने रोबोटवर अशा किती केल्या आहेत, आणि रोबोटशिवाय ती दुसऱ्या कोणत्या मार्गाने होऊ शकते. ‘हे वाचून बाई पळून जाईल’ असे मला एका तरुण सहकाऱ्याने सांगितले. काही जातील. बऱ्याच राहतील. सरकारी दवाखान्यात आमच्या हाताखाली शिकणाऱ्यांकडून बायकांनी वर्षानुवर्षे शस्त्रक्रिया करून घेतल्या, कारण मागे मॅडम उभ्या आहेत हे त्यांना दिसत होते.

पदव्युत्तर अभ्यासक्रमात कन्सोल कधी आणायचा, हे दिल्लीचा वैद्यकीय आयोग आणि नाशिकचे आरोग्य विद्यापीठ ठरवतील. त्यात वेळ जाईल. वर मागितलेले मात्र १९६५च्या अधिनियमाने जिच्या हाती डॉक्टरांची नोंदवही दिली, त्या परिषदेला सुरू करता येते. मॅसॅच्युसेट्सचे पत्रक मागवून घ्या, आमच्यातल्या चार जाणत्यांना आणि दोन रुग्ण बायकांना बोलवा, आणि या वर्षाच्या आत महाराष्ट्रासाठी तसे एक पत्रक काढा. मसुदा लिहायला माणसे कमी पडली, तर मला कळवा. निवृत्त आहे, वेळ आहे.

कळावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त स्त्रीरोग प्राध्यापिका